कोयता मोडल्यावर

सोयाबीनच्या हंगामात मळणी यंत्राने एक हात ओढून घेतला, तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून शेतकऱ्याला १ लाख रुपये मिळतात. दोन्ही हात गेले तर २ लाख. पुढे शिबिरात अपंगत्वाची टक्केवारी ठरते, दिव्यांगांचे यूडीआयडी कार्ड निघते, कधी कृत्रिम हातही बसतो. कागदोपत्री पुनर्वसन इथे पूर्ण होते. उरलेले प्रश्न कोणाच्याच टेबलावर येत नाहीत. उजवा हात गेलेल्याने जमीन स्वतः कसायची की बटाईने द्यायची? आलेल्या लाखातून कर्ज फेडायचे की शेळ्या घ्यायच्या? सदऱ्याची गुंडी बायकोकडून लावून घ्यावी लागते म्हणून जो चार महिने पारावर आलेला नाही, त्याला घराबाहेर कोणी आणायचे? धाराशिव जिल्ह्यात या माणसाशेजारी बसायला प्रशिक्षित पुनर्वसन समुपदेशक हवा. तो दोन वर्षांच्या पदव्युत्तर शिक्षणातून आणि शक्यतो याच जिल्ह्यात, मराठीत शिकून तयार व्हावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

या भागात पुनर्वसन म्हटले की लोकांना आठवते ते भूकंपानंतर बसवलेले गाव. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारी, सास्तूर आणि भोवतालची गावे कोसळली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यांत मिळून सुमारे आठ हजार माणसे गेली. नंतर आखीव रस्त्यांची, भूकंपरोधक घरांची नवी गावे उभी राहिली आणि त्या कामाची जगभर दखल घेतली गेली. पण भूकंपानंतर काही आठवड्यांतच वाचलेल्यांपैकी ४२ जणांची मानसोपचारतज्ज्ञांनी तपासणी केली, तेव्हा त्यांतल्या ५९ टक्क्यांना मानसिक विकार जडल्याचे आढळले. स्त्रिया आणि निराधार झालेले लोक त्यांत जास्त होते. नमुना लहान आहे, त्यावरून सगळ्या भागाचा आकडा काढता येणार नाही. तरी पडझड फक्त घरांची झाली नव्हती, एवढे त्यातून नक्की कळते. त्याच वर्षी, भूकंपाच्या तीनच महिने आधी, भारतीय पुनर्वसन परिषदेला वैधानिक दर्जा मिळाला होता. परिषदेच्या १९९२च्या कायद्याखाली पुनर्वसन व्यावसायिकांची जी यादी आहे, तिच्यात श्रवणतज्ज्ञ, विशेष शिक्षक, कृत्रिम अवयवतज्ज्ञ यांच्या बरोबरीने पुनर्वसन समुपदेशक आणि व्यावसायिक समुपदेशक यांचीही नावे आहेत. म्हणजे कायद्याने हा व्यवसाय कधीचाच मान्य केला. विशेष शिक्षकांची विद्यालये गावोगाव निघाली. समुपदेशकाचे नाव मात्र बहुतांशी यादीतच राहिले.

दोन वर्षे कशाला, असा प्रश्न आपल्याच क्षेत्रातले लोक विचारतात. सल्लाच तर द्यायचा, त्याला पदव्युत्तर पदवी लागते का? उत्तरासाठी कळंब, भूम, वाशी, परंडा या पट्ट्यातल्या ऊसतोड कुटुंबाकडे पाहावे. तिथे मजुरीचे एकक माणूस नाही, कोयता आहे. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतली जाते ती जोडीच्या नावावर. तोडणीच्या काळात त्यातल्या एकाला मणक्याची दुखापत झाली, तर एकाच वेळी एक शरीर, एक जोडी आणि एक करार मोडतो. अंगावरची उचल फिटत नाही. मग सोळा वर्षांच्या मुलाची शाळा सुटते, किंवा जखमी माणसाला गावी म्हाताऱ्या आईच्या हवाली करून बायको दुसऱ्या कोणाबरोबर जोडी लावते, आणि त्यावरून घरात संशय शिरतो. इथे समुपदेशकाला मणक्याच्या दुखापतीतले लघवीचे नियंत्रण, अंथरुणातल्या जखमा आणि लैंगिक आयुष्य यांबद्दल न संकोचता बोलता आले पाहिजे. नैराश्य आणि आत्महत्येचा धोका ओळखता आला पाहिजे. बसून करता येईल असे कोणते काम या माणसाच्या अंगात आणि या गावाच्या बाजारात बसते, याचा अंदाज बांधता आला पाहिजे. उचलीचा हिशोब आणि निराधार अनुदानाचा अर्जही वाचता आला पाहिजे. आणि हे सगळे येत असूनही निर्णय त्या कुटुंबाला घेऊ देण्याचा संयम हवा, जो या कामात सर्वांत उशिरा येतो. वैद्यक, मानसशास्त्र, रोजगार आणि कायदा असे चार विषय एका डोक्यात एकत्र आणायला पर्यवेक्षणाखालचा सराव लागतो. तो आठवड्याच्या कार्यशाळेत होत नाही.

अमेरिकेचा अनुभव इथे उपयोगी आहे, तो तिथली पद्धत जशीच्या तशी उचलण्यासाठी नव्हे. तिथे नागरी अपंगांच्या व्यावसायिक पुनर्वसनाचा कायदा १९२० साली झाला. पुढची चौतीस वर्षे समुपदेशक कामावरच शिकत राहिले. १९५४च्या दुरुस्तीने विद्यापीठांना या विषयाच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी केंद्राचे अनुदान मिळू लागले आणि त्यानंतर व्यवसायाला शिस्त आली. आज तिथल्या मान्यताप्राप्त अभ्यासक्रमात ६०० तासांची क्षेत्रीय उमेदवारी सक्तीची आहे. या शिक्षणाचा लाभार्थ्याला फायदा होतो का, हे एडना शिमान्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून न्यूयॉर्क, विस्कॉन्सिन अशा राज्यांच्या नोंदींवरून तपासले. पुनर्वसन समुपदेशनाचीच पदव्युत्तर पदवी असलेल्यांचे काम तीव्र अपंगत्वाच्या लाभार्थ्यांबाबत सरस ठरल्याचे दिसले. यातला ‘तीव्र’ हा शब्द महत्त्वाचा आहे. कुबड्या हव्या असलेल्या प्रत्येकाला पदव्युत्तर समुपदेशक लागत नाही. ज्याचे आयुष्य सर्व बाजूंनी अडले आहे, त्याला लागतो.

म्हणूनच गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांशी आमचा वाद नाही. तुळजापूर तालुक्यातल्या अणदूरला हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावातल्याच बायकांना ‘भारतवैद्य’ म्हणून तयार केले, आशा कार्यकर्ती ही सरकारी योजना येण्याच्या कितीतरी आधी. कमी शिकलेली पण नीट शिकवलेली बाई आरोग्याचे केवढे काम करते, हे या जिल्ह्याला वेगळे सांगायला नको. पुनर्वसन परिषदेने मेलबर्न विद्यापीठाच्या साथीने २०२१ साली सुरू केलेला ‘दिव्यांग मित्रां’चा सहा महिन्यांचा अभ्यासक्रमही चांगलाच आहे. पण भारतवैद्य यशस्वी झाल्या त्या पाठीशी डॉक्टर होते म्हणून. अवघड केस वर पाठवायची सोय होती. दिव्यांग मित्राने एखाद्या घरात आत्महत्येची भाषा ऐकली, किंवा बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलीवर अत्याचार झाल्याची शंका त्याला आली, तर त्याने कोणाला फोन करायचा? वरची पायरीच नसेल, तर खालच्या माणसावर आपण त्याला न पेलणारे ओझे टाकतो.

दुसरा आक्षेप अधिक तात्त्विक आहे आणि दिव्यांग चळवळीतून येतो: अपंगत्व जगलेल्या माणसाइतके ते कोणाला कळणार; पदवीधर तज्ज्ञ आणून तुम्ही पुन्हा आमच्यावर अधिकारी बसवता आहात. यातले सत्य मान्य करावेच लागेल. पण त्याचा निष्कर्ष पदवी नको असा निघत नाही. त्या वर्गात दिव्यांग विद्यार्थी बसले पाहिजेत, असा निघतो. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने उच्च शिक्षणात किमान ५ टक्के जागा राखल्या आहेत. या विशिष्ट अभ्यासक्रमात ते प्रमाण कितीतरी जास्त ठेवायला हरकत कोणती? अंध माणसाचा अंधत्वाचा अनुभव त्याला पक्षाघाताबद्दल काही शिकवत नाही, म्हणून शिक्षण त्यालाही लागेलच. तोच कायदा एकवीस प्रकारची अपंगत्वे मानतो, आणि ती सगळी जगलेला कोणीच नसतो.

शिकलेली मुले पुण्याला निघून जातील, ही भीती मात्र खरी आहे, आणि तिचे पूर्ण उत्तर आमच्याकडे नाही. एवढे दिसते की माणूस जिथे शिकतो आणि ज्या भाषेत शिकतो, तिथे टिकण्याची शक्यता वाढते. आणि पद असेल तरच टिकतो. २०१५ साली बळीराजा चेतना अभियानासाठी यवतमाळबरोबर याच जिल्ह्याची निवड झाली, तेव्हा खचलेल्या शेतकऱ्याला पैशाखेरीज बोलणारे माणूसही लागते, हे शासनाने मान्यच केले होते. आता स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग आहे, धाराशिवला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. आठ तालुक्यांना प्रत्येकी एक समुपदेशक आणि जिल्ह्याला एक पर्यवेक्षक, अशी नऊ कायम पदे मागणे अवाजवी नाही. ग्रामपंचायतींच्या स्वउत्पन्नातले दिव्यांगांसाठीचे ५ टक्के पैसे या समुपदेशकांच्या प्रवासखर्चालाही वळवू नयेत. ते लाभार्थ्यांचे आहेत. पगार राज्याने द्यावा.

शिकवायचे कुठे, हा प्रश्न त्यामानाने सोपा आहे. तुळजापूरला टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचे ग्रामीण केंद्र १९८६पासून आहे; धाराशिवला डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचे उपकेंद्र २००४पासून. दिव्यांग हक्क कायद्याचे ४७वे कलम सर्व विद्यापीठांना अपंगत्वविषयक अध्यापन, संशोधन आणि अभ्यासकेंद्रे यांची जबाबदारी देतेच. या दोघांनी मिळून वीस विद्यार्थ्यांची एक तुकडी घ्यावी. वेळापत्रक मात्र मुंबईच्या सत्रांवर बेतू नये. जून ते सप्टेंबर वर्गातले विषय. ऑक्टोबरात मळणी सुरू होते, तेव्हा विद्यार्थी जिल्हा रुग्णालयाच्या अपघात विभागात असावेत, म्हणजे हात गेलेला माणूस त्यांना पहिल्या आठवड्यात भेटेल. नोव्हेंबरात टोळ्या कारखान्यांकडे गेल्या की मागे राहिलेले दिव्यांग आणि म्हातारे असलेल्या गावांत त्यांनी मुक्कामाला जावे. एप्रिलमध्ये टोळ्या परततात; ज्या घरी कोयता मोडला आहे, त्या घराचे काम तेव्हा सुरू होते, आणि विद्यार्थ्याने ते घर पुढचे पूर्ण वर्ष सोडू नये.