देकार्त वाचायला परदेशी कशाला?

तत्त्वज्ञानात एम. ए. करणाऱ्या एखाद्या मुलाने वा मुलीने युरोपातल्या विद्यापीठात एक सत्र काढायचे ठरवले, आणि तेही सतराव्या-अठराव्या शतकातले तत्त्वज्ञान शिकायला, की घरापासून विभागापर्यंत सगळे एकच विचारतात: त्यासाठी तिकडे कशाला? देकार्त, स्पिनोझा, लॉक यांचे ग्रंथ फुकट उतरवून घेता येतात. परीक्षेला ‘देकार्तचा द्वैतवाद स्पष्ट करा’ एवढेच येते. यूपीएससीच्या वैकल्पिक विषयातही हीच नावे, आणि त्यांच्या टिपा बाजारात तयार. आक्षेप वरवर बिनतोड आहे. पण तो घेणाऱ्यांनी एक गोष्ट गृहीत धरली आहे: हे तत्त्वज्ञान म्हणजे काही सिद्धांतांची यादी, आणि यादी कुठेही बसून पाठ करता येते.

ही यादी आपल्याला कुणी दिली? तीन बुद्धिवादी, तीन अनुभववादी आणि शेवटी दोघांचा समेट करणारा कांट, हे नेटके चित्र बव्हंशी एकोणिसाव्या शतकातल्या जर्मन इतिहासकारांनी रंगवले. लॉकला आपण एका संघाकडून खेळतो आहोत याचा पत्ता नव्हता. देकार्तचे ‘मेडिटेशन्स’ 1641 मध्ये पॅरिसला छापले गेले ते एकटे नव्हे. देकार्तचा मित्र मेर्सेन याने हस्तलिखित आधीच विद्वानांत फिरवले होते. त्यांचे आक्षेपांचे सहा संच आणि त्यांना देकार्तची उत्तरे त्याच पुस्तकात होती. पुढच्या वर्षीच्या आवृत्तीत सातवा संच आला. हॉब्ज, आर्नो, गॅसेंदी असले तगडे लोक समोर होते. गॅसेंदी देकार्तला खोचकपणे ‘मना’ म्हणून हाक मारतो, तर देकार्त उलट त्याला ‘देहा’ म्हणतो. पूर्वपक्ष मांडल्याशिवाय सिद्धांत मांडू नये हे ज्यांच्या परंपरेत मुरले आहे, त्या आपण मंडळींनी या ग्रंथातले सहा अध्याय ठेवले आणि सगळा पूर्वपक्ष उडवून दिला. मग दहा गुणांचे उत्तर सोपे होते, यात नवल नाही.

एक आक्षेप जवळून पाहू, कारण माझे सगळे म्हणणे त्यावर उभे आहे. 1643 च्या मे महिन्यात हेगमध्ये निर्वासित म्हणून राहणाऱ्या बोहेमियाच्या एलिझाबेथने देकार्तला पत्र लिहिले. ती चोवीस वर्षांची होती. बापाचे राज्य ती लहान असतानाच गेले होते. तिने विचारले ते असे: एखादी वस्तू हलवायची तर तिला ढकलावे लागते, ढकलायला स्पर्श लागतो, स्पर्शाला विस्तार लागतो. आत्म्याला विस्तारच नाही असे तुम्ही म्हणता. मग तो शरीर हलवतो कसा? देकार्तने स्पर्शाविना वस्तूला खाली नेणाऱ्या वजनाचा दाखला दिला. तिला तो पटला नाही, आणि तिने तसे कळवले. आत्म्याला विस्तार आहे असेच मानणे मला सोपे जाते, असेही लिहिले. तेव्हा देकार्तचा सूर बदलला. मन आणि शरीर यांचा संयोग रोजच्या व्यवहारात, बोलण्याचालण्यात कळतो. तत्त्वचिंतनासाठी आपण स्वतः वर्षाकाठी फार थोडे तास देतो, असे त्याने उत्तर धाडले. द्वैतवादाची सगळ्यात मोठी अडचण अशी पत्रातून, दुसऱ्या माणसाच्या नाराजीतून बाहेर आली. एकट्या देकार्तने ती काढली नसती.

आता हे पत्र चार देशांतल्या मुलांच्या वर्गात वाचले तर काय होते ते पाहा. इटलीच्या लिचेओतून आलेली मुलगी शाळेतच तीन वर्षे तत्त्वज्ञानाचा इतिहास शिकलेली असते. तिला देकार्त ओळखीचा, म्हणून थोडा कंटाळवाणा. इराणी मुलाला इब्न सीनाचा अधांतरी तरंगणारा माणूस आठवतो. आणि आपल्याकडून गेलेल्याने अन्नंभट्टाचा ‘तर्कसंग्रह’ नीट वाचला असेल, तर त्याला एलिझाबेथचा प्रश्नच तिरका दिसतो. न्यायवैशेषिकात आत्मा विभू, मन अणू, ज्ञान हा आत्म्याचा गुण, आणि ते आत्मा व मन यांच्या संयोगातून उपजते. तिथे विस्तार नसलेल्या आत्म्याची अडचण येतच नाही. उलट सर्वत्र असलेला आत्मा याच देहातून का जाणतो, असा दुसराच पेच उभा राहतो. अन्नंभट्ट साधारण त्याच सतराव्या शतकातला. हा प्रश्न वर्गात विचारला गेला की शिक्षकाला टिपा बाजूला ठेवाव्या लागतात. पुण्याच्या किंवा नागपूरच्या वर्गात तो विचारला जात नाही, कारण तिथे सगळ्यांनी भारतीय आणि पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाचे दोन्ही पेपर वेगवेगळ्या तासांना, वेगवेगळ्या वह्यांत घेतलेले असतात. (या दोन वह्यांमधली भिंत कुणी बांधली, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.)

‘ग्रंथ फुकट मिळतात’ याला उत्तर एवढेच. ग्रंथ मिळतात, आक्षेपक मिळत नाहीत. ज्यांच्याबद्दल आपण बोलतो आहोत तेही घरबसल्या तत्त्वज्ञ झाले नव्हते. देकार्त स्वतः 1629 मध्ये फ्रानेकरला आणि 1630 मध्ये लायडनला परदेशी विद्यार्थी म्हणून नाव घालून आला होता. लॉक 1683 पासून काही वर्षे हॉलंडमध्ये राजकीय निर्वासित होता. ह्यूमने आपल्या पहिल्या ग्रंथाचा बराचसा भाग ला फ्लेशमध्ये बसून लिहिला, म्हणजे जिथल्या जेझुइट शाळेत देकार्त शिकला त्याच गावात.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: हे गोऱ्यांचे तत्त्वज्ञान, आणि त्याच लोकांनी जग लुटले. खरे आहे. स्वातंत्र्य आणि संमतीवर लिहिणारा लॉक कॅरोलायना वसाहतीच्या मालकांचा सचिव होता आणि गुलामांचा व्यापार करणाऱ्या रॉयल आफ्रिकन कंपनीत त्याने पैसे गुंतवले होते. पण हे वाचून लॉक सोडून देणे म्हणजे आरोपीला साक्षीला न बोलावता खटला मिटवणे. शिवाय हे शतक फक्त गोऱ्यांचे होते हीदेखील टिपांतलीच समजूत. आजच्या घानाच्या किनाऱ्यावर जन्मलेला आणि लहानपणीच युरोपात नेलेला अँटन विल्हेल्म आमो 1734 मध्ये विटेनबर्गला प्रबंध सादर करतो, मानवी मनाला संवेदना नसते असे मांडतो, आणि त्याच ओघात देकार्तला खोडून काढतो. पुढे तो हाले आणि येना इथे शिकवतो. आपल्या अभ्यासक्रमात तो नाही. युरोपातल्याही कित्येक अभ्यासक्रमांत नव्हता. आता कुठे येऊ लागला आहे.

आणि एक गोष्ट तर आपल्या अंगणातली. गॅसेंदीचा शिष्य फ्रांस्वा बर्निये मोगल दरबारात वैद्य म्हणून राहिला. दानिशमंद खान या उमरावासाठी त्याने गॅसेंदी आणि देकार्त फारसीत उतरवले. पाच-सहा वर्षे हेच आपले मुख्य काम होते असे तो सांगतो. ती भाषांतरे आज हाती नाहीत. खानाच्या पदरी बनारसचा एक मोठा पंडितही होता. तो पंडित म्हणजे गोदाकाठचे कवींद्राचार्य सरस्वती असावेत, असे पुण्याच्या भांडारकर संस्थेतले प. कृ. गोडे यांनी दाखवले. म्हणजे देकार्त हयात नसला तरी त्याचे म्हणणे, त्याच्या आक्षेपकाचा चेला आणि एक मराठी मुळाचा वेदान्ती, हे सगळे दिल्लीत एका छताखाली होते. काय निष्पन्न झाले? फारसे काही नाही. बर्नियेला पंडिताचे बोलणे म्हणजे बहुतेक भाकडकथाच वाटल्या.

म्हणून विद्यापीठांच्या रंगीत माहितीपत्रकांवर माझा विश्वास नाही. एका खोलीत दोन देशांची माणसे बसवली की ‘जागतिक नागरिक’ तयार होतो, हे थोतांड आहे. सत्राचे तीस युरोपीय श्रेयांक, दोन सहली, एक फोटोंचा अल्बम आणि परत, असेही होते. सहा महिन्यांत काय होणार, असे हसणारे प्राध्यापक तेवढ्यापुरते बरोबर आहेत. खर्चाची तक्रारही खोटी नाही. शिष्यवृत्तीशिवाय जाणे मध्यमवर्गालाही झेपत नाही, आणि खेड्यातल्या महाविद्यालयातल्या मुलीपर्यंत शिष्यवृत्तीची बातमीच पोचत नाही.

पण अदलाबदल नेहमी विमानानेच व्हावी असे कुठे आहे? 1983 साली पुण्यात दया कृष्ण, मे. पुं. रेगे या तत्त्वज्ञांनी नैयायिक पंडित आणि पाश्चात्त्य तत्त्वज्ञान शिकलेले प्राध्यापक यांना समोरासमोर बसवले. रसेलच्या विधानाच्या कल्पनेवर पंडितांचे आक्षेप संस्कृतात मागवले. ते सारे 1991 मध्ये ‘संवाद’ या नावाने पुस्तकरूपात आले. बर्नियेने जे केले नाही ते इथे झाले: दुसऱ्याचा आक्षेप त्याच्याच शब्दांत लिहून घेतला गेला.

तेव्हा विभागप्रमुखांना विनंती एवढीच. जाणाऱ्याला अडवू नका, आणि तो परत आल्यावर ‘आमच्याकडे असा पेपर नाही’ म्हणून त्याचे श्रेयांक कापू नका. जाणाऱ्यांनो, निघण्यापूर्वी ‘मेडिटेशन्स’ सगळ्या आक्षेपांसकट वाचा, ‘तर्कसंग्रह’ पुन्हा उघडा, आणि देकार्तवर तुमचा स्वतःचा एक आक्षेप मराठीत लिहून सोबत न्या.