विश्लेषण : गोपनीय सरकारी कागद फुटले, छापायचे की नाही, हे कसे ठरते?

मंत्रालयातील टिपण असो, राजदूताने मायदेशी पाठवलेला अहवाल असो की मंत्र्यांच्या ग्रुपवरील चॅट, सरकारच्या आतला मजकूर बाहेर आला की दोन प्रतिक्रिया ठरलेल्या असतात. सरकार देशाच्या सुरक्षेचा मुद्दा पुढे करते, तर वृत्तपत्र जनतेच्या जाणून घेण्याच्या हक्काचा. दोन्ही दावे कधी खरे असतात, तर कधी केवळ सोयीचे. असा कागद हाती आल्यावर निर्णय कशाच्या आधारे घ्यायचा, कायदा काय सांगतो आणि कायद्यापलीकडची जबाबदारी कोणती, याचा हा आढावा.

राफेल प्रकरणात काय घडले?

फ्रान्सकडून ३६ राफेल लढाऊ विमाने घेण्याच्या व्यवहारासंबंधीची संरक्षण मंत्रालयातील अंतर्गत कागदपत्रे ‘द हिंदू’ने फेब्रुवारी २०१९ पासून प्रसिद्ध केली. त्यात नोव्हेंबर २०१५ मधील एक टिपण होते. पंतप्रधान कार्यालय फ्रान्सशी समांतर चर्चा करत असून त्यामुळे मंत्रालयाची वाटाघाटीतील बाजू कमकुवत होते, असा आक्षेप त्यात अधिकाऱ्यांनी नोंदवला होता. ६ मार्च २०१९ रोजी तत्कालीन महान्यायवादी के. के. वेणुगोपाल यांनी ही कागदपत्रे मंत्रालयातून चोरीला गेल्याचे सर्वोच्च न्यायालयात सांगितले आणि सरकारी गुपिते कायद्याखाली कारवाईचा इशाराही दिला. दोनच दिवसांनी, मूळ कागद चोरीला गेले नसून त्यांच्या छायाप्रती वापरल्या गेल्या, असे आपल्याला म्हणायचे होते, हा खुलासा त्यांनी केला.

न्यायालयाने काय सांगितले?

बेकायदा मिळवलेले कागद न्यायालयाने पाहूच नयेत, हा सरकारचा आक्षेप तीन न्यायाधीशांच्या खंडपीठाने १० एप्रिल २०१९ रोजी एकमताने फेटाळला. ‘गोपनीय’ शिक्का असलेला कागद प्रसिद्ध करण्यास सरकारला मनाई करता येईल, असा अधिकार संसदेने कोणत्याही कायद्यात दिल्याचे दाखवून देण्यात आलेले नाही, असे न्यायालयाने नमूद केले. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(२) चाही दाखला निकालात होता. संभाव्य हानीपेक्षा सार्वजनिक हित मोठे असेल तर सरकारी गुपिते कायदा असूनही माहिती देता येते, असे हे कलम सांगते.

मात्र याच प्रकरणातील फेरविचार याचिका न्यायालयाने १४ नोव्हेंबर २०१९ रोजी फेटाळल्या आणि व्यवहाराच्या चौकशीचे आदेश देण्यास नकार दिला. म्हणजे कागद छापणे योग्य की अयोग्य हा एक प्रश्न आणि त्या कागदातून गैरव्यवहार सिद्ध होतो का हा दुसरा. फुटलेला कागद हा पुरावा असू शकतो, पण तो निकाल नसतो.

अर्धा कागद किती धोकादायक?

राफेलच्या पहिल्याच बातमीवर एक गंभीर आक्षेप आला. त्या टिपणावर तत्कालीन संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांचा हस्तलिखित शेरा होता. अधिकाऱ्यांचा आक्षेप ही अतिप्रतिक्रिया वाटते, पंतप्रधान कार्यालय केवळ प्रगतीवर लक्ष ठेवून असावे, अशा आशयाचा हा शेरा छापलेल्या प्रतीत नव्हता. तो त्याच दिवशी वृत्तसंस्थेमार्फत बाहेर आला. बातमी प्रसिद्ध झाली तेव्हा पर्रीकर गोव्याचे मुख्यमंत्री होते.

शेऱ्यामुळे अधिकाऱ्यांचा मूळ आक्षेप पुसला जात नाही. पण तो वाचल्यावर चित्र बदलते, हेही खरे. सरकारी फाईलमध्ये टिपण, त्यावरील शेरा, त्यावरील उत्तर अशी साखळी असते. कागद फोडणारी व्यक्ती बहुतेक वेळा त्यातील आपल्याला हवा तोच दुवा देते. त्यामुळे कागद खरा आहे का, एवढेच तपासून भागत नाही. तो पूर्ण आहे का, हेही विचारावे लागते. पूर्ण नसेल तर तसे बातमीत स्पष्ट लिहावे लागते.

गोपनीय म्हणजे घातक असतेच का?

नाही. जुलै २०१९ मध्ये ब्रिटनचे अमेरिकेतील राजदूत किम डॅरॉक यांचे गोपनीय अहवाल ‘मेल ऑन संडे’ने छापले. त्यात ट्रम्प प्रशासनावर बोचरी टीका होती. डॅरॉक यांना काही दिवसांतच राजीनामा द्यावा लागला. लंडन पोलिसांच्या वरिष्ठ अधिकाऱ्याने हे अहवाल छापणे गुन्हा ठरू शकतो, असा इशारा दिला. तेव्हा पंतप्रधानपदाचे दोन्ही दावेदार, बोरिस जॉन्सन आणि जेरेमी हंट, वृत्तपत्राच्या बाजूने उभे राहिले.

या अहवालांनी कुणाच्या जिवाला धोका झाला नाही, पण किंमत मोजावी लागलीच. आपले मत उद्या छापून येईल अशी भीती असेल तर कोणता राजदूत आपल्या सरकारला स्पष्ट लिहील? केवळ राजदूताचे तिखट शेरे छापणे आणि इराण अणुकरारातून अमेरिका का बाहेर पडली, याबद्दलचे त्याचे आकलन छापणे यांत फरक आहे. पहिल्यातून चर्चा रंगते. दुसऱ्यातून नागरिकांना एका मोठ्या निर्णयामागची कारणे कळतात. सरकारची अडचण आणि देशाचे नुकसान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तसेच वाचकांचे कुतूहल आणि सार्वजनिक हितही एकच नव्हे.

काय छापायचे नाही, हे कसे ठरवतात?

मार्च २०२५ मधील ‘सिग्नल’ प्रकरण याचे ताजे उदाहरण. येमेनमधील हुथींवरील हल्ल्यांची चर्चा सुरू असलेल्या ग्रुपमध्ये ‘द अटलांटिक’चे संपादक जेफ्री गोल्डबर्ग यांना चुकून घेतले गेले. हल्ल्याच्या वेळा आणि शस्त्रांचा तपशील त्यांच्या मोबाइलवर प्रत्यक्ष हल्ल्याआधीच आला होता. त्यांनी हल्ले होऊन गेल्यानंतर बातमी दिली आणि पहिल्या बातमीत लष्करी तपशील वगळला. चॅटमध्ये गोपनीय काहीच नव्हते, असे प्रशासनाने सांगितल्यावर नियतकालिकाने संबंधित यंत्रणांचे आक्षेप मागवले आणि मग जवळपास पूर्ण मजकूर छापला. सीआयएच्या विनंतीवरून एका अधिकाऱ्याचे नाव मात्र तेव्हाही वगळले.

याउलट उदाहरण विकिलिक्सचे. २०१० मध्ये अमेरिकी दूतावासांच्या सुमारे अडीच लाख संदेशांवर आधारित बातम्या देताना सहभागी वृत्तपत्रांनी धोक्यात येऊ शकणारी नावे झाकली होती. सप्टेंबर २०११ मध्ये विकिलिक्सने संपूर्ण साठा नावांसह खुला केला, तेव्हा याच वृत्तपत्रांनी त्याचा निषेध केला. दूतावासाशी विश्वासाने बोललेल्या कार्यकर्त्यांचा किंवा खबऱ्यांचा सरकारच्या चुकीशी काही संबंध नसतो. त्यांची नावे झाकल्याने बातमी अधू होत नाही.

कागद देणाऱ्याचे काय?

सर्वांत मोठी जोखीम बहुधा त्याचीच असते. २०१७ मध्ये अमेरिकी निवडणूक यंत्रणेवरील रशियन सायबर हल्ल्यांबाबतचा गुप्त अहवाल ‘द इंटरसेप्ट’कडे आला. खातरजमेसाठी त्याची प्रत सरकारी यंत्रणेला दाखवण्यात आली. प्रतीवरील घडीवरून ती छापून बाहेर नेल्याचे तपासकर्त्यांच्या लक्षात आले. तो अहवाल केवळ सहा जणांनी छापला होता आणि त्यांतील एकीने कार्यालयातील संगणकावरून याच संकेतस्थळाशी संपर्क साधला होता. रिअॅलिटी विनर या कंत्राटी कर्मचारी महिलेला ५ वर्षे ३ महिन्यांची शिक्षा झाली. प्रसिद्ध झालेल्या प्रतीवर प्रिंटरने उमटवलेले, सहज न दिसणारे पिवळे ठिपकेही तज्ज्ञांना आढळले. त्यांतून छपाईची तारीख आणि वेळ वाचता येते. आपल्या कार्यपद्धतीत त्रुटी राहिल्याचे ‘द इंटरसेप्ट’ने नंतर मान्य केले. स्रोताचे नाव न छापणे म्हणजे स्रोताचे संरक्षण, हे समीकरण आता पुरेसे नाही.

भारतात कायदा पत्रकाराच्या बाजूने आहे का?

राफेल निकालाने बळ दिले, पण कायदा बदललेला नाही. सरकारी गुपिते कायदा १९२३ चा, ब्रिटिश काळातील आहे. त्याच्या कलम ५ नुसार असा मजकूर पुढे देणे आणि तो बेकायदा आला आहे हे माहीत असूनही स्वेच्छेने घेणे, दोन्ही गुन्हे आहेत. ‘सार्वजनिक हितासाठी छापले’ असा बचाव या कायद्यात नाही. हा कायदा रद्द करावा, अशी शिफारस दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने २००६ मध्येच केली होती.

गैरवापराचा इतिहासही आहे. पत्रकार इफ्तिखार गिलानी यांना २००२ मध्ये या कायद्याखाली अटक झाली. त्यांच्याकडील माहिती आधीच प्रसिद्ध झालेली असूनही त्यांना सुमारे सात महिने तिहार तुरुंगात काढावे लागले. शेवटी सरकारने खटला मागे घेतला. मोठ्या दैनिकामागे वकिलांची फौज असते. तालुक्याच्या ठिकाणी एकट्याने काम करणाऱ्या बातमीदाराला खटला सुरू होणे हीच शिक्षा ठरते.

महाराष्ट्रातही असे घडले आहे का?

हो. मार्च २०२१ मध्ये तत्कालीन विरोधी पक्षनेते देवेंद्र फडणवीस यांनी पोलीस बदल्यांतील कथित गैरव्यवहारासंबंधी राज्य गुप्तवार्ता विभागाच्या अहवालाचा हवाला दिला. त्यानंतर अहवाल फुटल्याबद्दल मुंबई सायबर पोलिसांनी अज्ञातांविरुद्ध गुन्हा नोंदवला. त्यात सरकारी गुपिते कायद्याची कलमेही होती. त्या अहवालाचा आधार फोनवरील संभाषणे होती. अशा वेळी प्रश्न आणखी अवघड होतो. बदल्यांसाठी पैसे घेतले जात असतील तर ते लोकांना कळायलाच हवे. पण ध्वनिमुद्रणात नाव आले म्हणून कुणी दोषी ठरत नाही. शिवाय कागद बाहेर आल्याने कोणाचा राजकीय फायदा होतो, हे वाचकांना सांगणेही बातमीचाच भाग आहे.

मोबाइलवर आलेले ‘गोपनीय’ पत्र पुढे पाठवावे का?

वृत्तपत्राने विचारायचे तेच प्रश्न इथेही लागू आहेत. पत्र खरे आहे का आणि पूर्ण आहे का? त्यातून कोणता सार्वजनिक निर्णय किंवा गैरप्रकार कळतो? कुणाचे नाव, पत्ता, फोन क्रमांक किंवा सैन्याच्या हालचाली त्यात आहेत का? ते आत्ताच का बाहेर आले? संपादक यासाठी कागद काही दिवस थांबवू शकतो, संबंधितांची बाजू घेऊ शकतो, नावे झाकू शकतो. फॉरवर्डमध्ये यातले काहीच होत नाही आणि कलम ५ केवळ पत्रकारांसाठी लिहिलेले नाही. पत्रात खरोखर गंभीर काही वाटत असेल, तर ते दहा ग्रुपवर टाकण्यापेक्षा पडताळणी करू शकणाऱ्या बातमीदाराला दाखवण्याआधी वकिलाचा सल्ला घेणे शहाणपणाचे.