पहिले पिस्तूल तालुक्याचे असावे

पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये 2024 साली मनू भाकरने 10 मीटर हवाई पिस्तुलात आणि कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने 50 मीटर रायफलमध्ये कांस्यपदक मिळविले. तेव्हापासून यवतमाळ-अमरावती रस्त्यावरील आमच्या नेरसारख्या तालुक्याच्या गावीही, जेथे मुलांच्या क्रीडाविषयक आकांक्षा कबड्डी आणि क्रिकेट यांच्यापलीकडे सहसा जात नसत, एखादा कापूस-सोयाबीन पिकविणारा बाप आपल्या मुलीसाठी पहिले पिस्तूल कोणते घ्यावे, अशी पृच्छा करू लागला आहे. ही पृच्छा स्वागतार्ह आहे. मात्र परदेशी बनावटीच्या स्पर्धा-पिस्तुलाची किंमत दीड-दोन लाखांच्या घरात जात असताना, एका हंगामाचे उत्पन्न त्यात घालण्यापूर्वी त्या बापाला खरा सल्ला मिळणे अगत्याचे आहे.

प्रथम कायद्याविषयी. 1878 च्या शस्त्रकायद्याने या देशातील माणसाला शस्त्रासाठी परवाना मागावयास लावले आणि युरोपियनाला त्यातून मोकळे ठेवले; त्या कायद्याची दहशत वऱ्हाडातील खेड्यापाड्यांत इतकी खोलवर रुजली की, पिस्तूल म्हटले की आजही फौजदार आणि कचेरी हीच डोळ्यांसमोर येतात. आजची स्थिती निराळी आहे. 1959 च्या कायद्याखालील 2016 च्या नियमांप्रमाणे 4.5 मिलिमीटर व्यासाच्या छऱ्याचे आणि 20 ज्यूलच्या मर्यादेत राहणारे हवाई शस्त्र परवान्यावाचून घेता येते. याउलट राही सरनोबतने 2018 साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत जे .22 चे पिस्तूल चालवून सुवर्णपदक पटकाविले, आणि तो मान मिळविणारी पहिली भारतीय महिला नेमबाज ती ठरली, ते पिस्तूल खरे अग्निशस्त्र होय. त्याला परवाना लागतो आणि परवान्यासाठी वयाची 21 वर्षे पूर्ण असावी लागतात. तेव्हा नवशिक्याने हवाई पिस्तुलापासूनच आरंभ करावा, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही.

हा आरंभ सोपा मात्र मुळीच नाही. 10 मीटरवरील लक्ष्याचे दहा गुणांचे वर्तुळ अवघ्या 11.5 मिलिमीटर व्यासाचे असते. किलोभर वजनाचे पिस्तूल एकाच हातात, दुसऱ्या हाताचा आधार न घेता, तोलून 75 मिनिटांत 60 छरे तेथे पाठवावयाचे असतात. अशा खेळात शक्ती किंवा वेग यांचे मोल फारसे नसून, प्रत्येक वेळी तीच कृती तशीच घडण्याला सारे महत्त्व आहे. म्हणूनच पिस्तूल पारखताना बनावटीच्या नावापेक्षा त्याची मूठ आधी पाहावी. लाकडी मूठ उजव्या आणि डाव्या हाताची वेगळी, शिवाय लहान, मध्यम, मोठी अशा मापांची येते. तेरा वर्षांच्या मुलीच्या हाती प्रौढ पुरुषाच्या पंजाची मूठ दिली तर तिचे बोट चापाशी तिरकस पोहोचेल आणि प्रत्येक छरा एका बाजूस ओढला जाईल. दोष मुलीचा नसेल, पण निराश तीच होईल.

मूठ बसते की नाही हे पाहण्याची एक जुनी आणि निर्दोष कसोटी आहे. पिस्तूल अर्थातच रिकामे ठेवावे, डोळे मिटून हात नेहमीच्या उंचीला न्यावा आणि मग डोळे उघडावे. पुढची माशी मागच्या खाचेत आपोआप मधोमध उभी दिसली तर मूठ त्या हाताची आहे; ती बाजूला कललेली दिसली, तर कितीही नामांकित पिस्तूल असले तरी ते परत ठेवावे, किंवा मूठ बदलून मिळते का, हे विचारावे. त्यानंतर चाप. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे हवाई पिस्तुलाचा चाप किमान 500 ग्रॅम भार उचलून धरील इतका कडक असावाच लागतो, आणि स्पर्धेपूर्वी पंच वजन टांगून तो तपासतात. चाप सरळ मागे, एकसारखा, झटका न देता सुटतो का, हे नवशिक्याला कळत नाही. यासाठीच कोणीतरी जाणता सोबत न्यावा. लहान मुलांसाठी आखूड नळीचे, हलके पिस्तूल मिळते. मनगट पक्के होईपर्यंत तेच योग्य.

विजेवर चालणारा चाप मोहक असतो, परंतु माझे मत यांत्रिक चापाच्या बाजूचे आहे. टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये 2021 साली ऐन पात्रता फेरीत मनू भाकरचे पिस्तूल बिघडले, मौल्यवान मिनिटे वाया गेली आणि अंतिम फेरी थोडक्यात हुकली. जेथे साऱ्या सोयी हात जोडून उभ्या होत्या तेथे हे घडले. मग दुरुस्तीसाठी ज्याला मुंबई-पुण्याची वाट धरावी लागेल त्या नेरच्या घराने साध्या यंत्रणेला प्राधान्य देणेच शहाणपणाचे. वापरलेले पिस्तूल घेण्यातही कमीपणा नाही. फक्त त्याच्या हवेच्या नळकांड्यावरील तारीख पाहून घ्यावी, कारण दहा वर्षांची मुदत संपलेले नळकांडे धोक्याचे असते आणि स्पर्धेत चालतही नाही.

इतके सांगूनही माझे मुख्य म्हणणे उरतेच. पहिले पिस्तूल एखाद्या घराने विकत घेऊच नये. ते तालुक्याने घ्यावे. मलखांबाचा खांब जसा आखाड्याच्या मालकीचा असतो, पोराच्या बापाच्या नव्हे, तसेच हे साधन सार्वजनिक असावे. आमच्या शेजारी अमरावतीला 1914 साली वैद्य बंधूंनी काढलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने सामाईक साधनांवर आणि सामाईक शिस्तीवर माणसे घडविली, आणि 1936 साली बर्लिनपर्यंत आपले खेळ नेऊन दाखविले. नेमबाजीच्या राष्ट्रीय संघटनेचेही मूळ असेच सार्वजनिक आहे. 1951 साली तिची स्थापना झाली तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष दादासाहेब मावळंकर होते, जे पुढे लोकसभेचे पहिले अध्यक्ष झाले; राष्ट्रीय स्पर्धेच्या पात्रतेसाठीची स्पर्धा आजही त्यांच्याच नावाने भरते.

खर्च किती येईल? जिनिंगचे एखादे गोदाम हंगाम सरला की रिकामे पडते. 10 मीटरची रेषा, पाठीमागे भक्कम भिंत, छरे अडविणारी लोखंडी पेटी आणि लक्ष्यावर उजेड, एवढे तेथे सहज जुळते. यांत्रिक चापाची दोन पिस्तुले, एक लहान मुठीचे व एक मध्यम, आणि डावखुऱ्यांसाठी एक निराळी मूठ; कुलूपबंद कपाट, ने-आणीची नोंदवही, आणि नेमरेषेपुढे कोणी असताना पिस्तुलाला हात लावावयाचा नाही हा अपवाद नसलेला दंडक. यावर वीस-पंचवीस मुले शिकू शकतील. त्यांतील ज्या दोघा-तिघांचे मन वर्षभर या एकसुरी साधनेत रमेल, त्यांच्या आईबापांनी मग खुशाल स्वतःचे पिस्तूल घ्यावे. तोवर मुलीला आपली मूठ, आपला डोळा आणि आपला चाप यांची ओळख झालेली असेल, आणि निवड तीच करील.

नेर-नबाबपूर नगर परिषदेने, तालुक्यातील शाळांच्या संचालकांनी आणि बाजार समितीने येत्या अंदाजपत्रकात एवढी तरतूद करावी व जिल्हा क्रीडा कार्यालयाकडे प्रशिक्षकाची लेखी मागणी रुजू करावी, अशी माझी त्यांना कळकळीची विनंती आहे.