टर्बो गेला म्हणे!

दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या मेकॅनिकलच्या मुलीकडे मराठी लेख मागणं हे संपादकांचं धाडसच! 'कार्यक्षमता' लिहिताना माझं पेन अजून अडखळतं. पण गॅरेजमधली भांडणं मराठीतच होतात, म्हणून हा विषय मराठीतच बरा.

गेल्या मे महिन्यात मामाच्या जुन्या डिझेल गाडीतून आम्ही पाच जण पानशेतला गेलो होतो. रविवार, एसी फुल्ल, खडकवासल्याच्या चौपाटीवर मुंगीच्या पावलाने. परतताना तोरणा बघायचा म्हणून खानापूरहून पाबे घाटाकडे वळलो आणि चढावर गाडीने मान टाकली. पाय पूर्ण दाबला तरी जोर नाही. मी लगेच ओबीडीचा डोंगल लावला. मोबाइलवर 'इनटेक एअर टेम्परेचर' ४३ अंश. "मामा, हवा तर गार आहे. म्हणजे टर्बोच गेला!" मी निकाल देऊन मोकळी. दुसऱ्या दिवशी गॅरेजवालाही तेच म्हणाला (मला नाही, बी.कॉम. करणाऱ्या माझ्या मामेभावाला!). खर्चाचा आकडा ऐकून मामा गाडी विकायच्या गोष्टी करू लागला.

हॉस्टेलवर आल्यावर आमच्या थर्मलच्या सरांना सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "सेन्सर कुठे बसवलाय?"

झालं! मामाच्या गाडीत तो एअर फिल्टरच्या लगेच पुढे, म्हणजे टर्बोच्या आधी आहे. मी बघत होते ती बाहेरून आत येणारी हवा. टर्बोने दाबल्यावर तिचं काय होतं, हे त्या ४३ मध्ये कुठेच नव्हतं. काही गाड्यांत हा सेन्सर मॅनिफोल्डवर, इंटरकूलरच्या पुढे असतो. अॅपवर नाव तेच, अर्थ मात्र वेगळा.

सायकलमध्ये हवा भरताना पंप गरम होतो, तेच इथे. ३५ अंशांची हवा दुप्पट दाबाला नेली आणि कॉम्प्रेसरची कार्यक्षमता (जमलं!) ७० टक्के धरली, तर ती साधारण १३० अंशांवर जाते. इंटरकूलरही ७० टक्के चांगला धरा, ती ६५ वर येते. तेवढ्याच दाबाला ६५ अंशांची हवा १३० पेक्षा सुमारे २० टक्के जास्त घन, म्हणजे सिलिंडरला तेवढा जास्त ऑक्सिजन. इंटरकूलर ४० टक्क्यांवर आला तर हवा ९० च्या पुढे. मग ईसीयू इंजिनाला सांभाळायला डिझेल कमी करतो. पेट्रोल गाडीत नॉकिंग होऊ नये म्हणून स्पार्क मागे घेतो. घाटात तर दुहेरी मार : इंजिनावर लोड पूर्ण, पण वेग कमी, त्यामुळे इंटरकूलरवर वारा नाही. (बॉनेटवर चिकटवायचे खोटे स्कूप घेणाऱ्यांनी इथे लक्ष द्यावे!)

पुढच्या शनिवारी मामाकडे जाऊन पुढची जाळी काढली. इंटरकूलरच्या पात्यांत शेतातला चिखल, पाचट आणि दोन पावसाळ्यांचे किडे. नळीने हलक्या धारेत धुतलं, एक सैल क्लॅम्प आवळला. टर्बो अजून तोच आहे आणि त्याच घाटात गाडी त्याच पाच जणांना घेऊन चढली.

टर्बो कधी जातच नाही असं नाही. निळा धूर, पाइपात तेल, शाफ्टला खेळ दिसला तर गोष्ट वेगळी. पण ते कोणी बघितलंच नव्हतं. गॅरेजवाल्याने नाही आणि इंटरकूलरच्या गणिताला पैकीच्या पैकी मार्क घेतलेल्या मीही नाही. आपल्याला फॉर्म्युला येतो, पण ते तापमान मोजायचं कुठे हे कोणी विचारत नाही. व्हायव्हातसुद्धा!

म्हणून सरांना एक विनंती. लॅबमधल्या टर्बो इंजिनावर इंटरकूलरच्या आधी एक आणि नंतर एक थर्मोकपल बसवू या. 'के' टाइपचे दोन थर्मोकपल फार महाग नसतात. समोरचा पंखा बंद करून आणि चालू करून दोन्ही रीडिंग्ज जर्नलमध्ये घ्यायची. मेसच्या वेळेआधी प्रॅक्टिकल संपवू, वायरिंग मी करते.