घर खाली करा, कारण विचारू नका

मागच्या वर्षी श्रावणात, एका गुरुवारी रात्री पावणेअकराला घरमालक काकांचा व्हॉट्सॲपवर मेसेज आला. ‘फ्लॅट पुढच्या महिन्याच्या ५ तारखेपर्यंत खाली करावा. करारातील कलम ९ पाहावे.’ खाली हात जोडलेला इमोजी. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन अकरा दिवस झाले होते. त्यांना धनजहून मुद्दाम पुण्याला आणलं होतं, कारण माझ्या बिल्डिंगला लिफ्ट होती आणि फिजिओथेरपिस्ट मागच्याच गल्लीत बसायचे. मी काकांना फोन करून कारण विचारलं. ते चिडले नाहीत. म्हणाले, ‘कारण असं काही नाही रे. करारात आहे ना तसं?’

होतं. मी पहिले सहा महिने घर सोडू शकत नव्हतो. ते मात्र मला पहिल्या दिवसापासून कधीही, महिन्याच्या नोटिशीवर काढू शकत होते. दिवसभर दुसऱ्यांच्या कोडमधल्या चुका शोधणाऱ्या माणसाने स्वतःच्या करारातली ही ओळ वाचली नव्हती. मशीनवर अंगठा ठेवला, एजंटला महिन्याच्या भाड्याएवढी दलाली दिली आणि पीडीएफ ड्राइव्हवर टाकून विसरलो.

आईला सांगितलं तर तिचा विश्वासच बसेना. ‘असं कसं काढते तो? कोर्टकचेरी काही हाये का नाही? तुह्या मोठ्या आजोबाले अकोल्याचा मालक बारा वर्सं काढतो काढतो म्हणे, निघाले का थे?’

आईचं चुकत नव्हतं. तिच्या डोक्यातला कायदा जुना होता, एवढंच.

१९९९ पर्यंत महाराष्ट्रात भाडेकरूला घराबाहेर काढण्याचे तीन कायदे होते. पश्चिम महाराष्ट्रात १९४७चा मुंबई भाडे कायदा. मराठवाड्यात निजामाच्या मुलखातून आलेला, १९५४चा हैदराबादचा कायदा. तिथे मालक रेंट कंट्रोलरकडे अर्ज करी. आणि आमच्या वऱ्हाडात, नागपूरकडे, १९४६च्या सी.पी. अँड बेरार कायद्याखाली काढलेला १९४९चा आदेश. या आदेशाचं तेरावं कलम आजच्या भाडेकरूला परीकथा वाटेल. मालकाला भाडेकरार संपवण्याची नोटीस द्यायची असेल, तर ती नोटीस देण्यासाठीच आधी रेंट कंट्रोलरची लेखी परवानगी लागायची. भाडं थकलंय, पोटभाडेकरू ठेवलाय, मालकाला स्वतःला राहायला घर हवंय, असं ठरावीक कारण सिद्ध करायचं. मग नोटीस, मग दिवाणी दावा. मुंबईत मालक थेट नोटीस पाठवू शकायचा, पण थकलेल्या भाड्यासाठी दावा लावायचा तर नोटिशीनंतर एक महिना थांबावं लागे. एकाच राज्यात दादरच्या आणि अकोल्याच्या भाडेकरूची नोटीस वेगवेगळ्या जातीची होती.

मोठ्या आजोबांची गोष्ट घरात शौर्यकथेसारखी सांगतात. मी ती परवा नीट विचारून घेतली. मालकीणबाई विधवा होत्या. मुलाचं लग्न झालं तेव्हा त्यांना ती खोली खरंच हवी होती, आणि आजोबा तोवरही नोकरीला लागले तेव्हाचंच भाडं देत होते. म्हणजे त्या गोष्टीत आम्ही खलनायक होतो. घरमालकांचा राग कुठून येतो हे समजायला मला एवढं पुरेसं आहे, आणि तो राग मी खोटा मानत नाही.

त्या रागातूनच पळवाट निघाली: लिव्ह अँड लायसन्स. घर ‘भाड्याने’ दिलंच नाही, फक्त वापरायची परवानगी दिली, म्हणजे राहणारा भाडेकरू नाही आणि भाडे कायदा लागू नाही. मुंबईत हे इतकं वाढलं की १९७३ साली सरकारने कायदा दुरुस्त करून १ फेब्रुवारी १९७३ रोजी ताब्यात असलेल्या लायसन्सधारकांना सरळ भाडेकरू ठरवलं. मालकांनी धसका घेतला, घरं कुलपात ठेवली. मग १९८७ मध्ये उलटी दुरुस्ती झाली: लायसन्सची मुदत संपली की मालकाला घर झटपट परत. ३१ मार्च २००० पासून अमलात आलेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने तिन्ही जुने कायदे रद्द केले आणि हीच तरतूद कलम २४ म्हणून पुढे चालू ठेवली.

या नव्या कायद्यात ‘भाडेकरू’ अजूनही सुखात आहे. भाडं थकलं तरी मागणीची नोटीस मिळाल्यावर ९० दिवस होईपर्यंत त्याच्यावर दावा लावता येत नाही, आणि बाहेर काढायची कारणं कलम १६मध्ये एकेक करून लिहिलेली आहेत. पण हा भाडेकरू तुमच्या ओळखीत कोण आहे? गिरगावातल्या चाळीत, सदाशिव पेठेतल्या वाड्यात सापडेल. हिंजवडीला, खराडीला, ऐरोलीला, नागपूरच्या मिहानच्या आसपास राहणारे आपण सगळे लायसन्सी आहोत. आपल्यासाठी कलम २४ म्हणतं की मुदत संपली की घर द्या, नाही दिलं तर सक्षम प्राधिकारी बाहेर काढेल आणि दुप्पट शुल्काने भरपाई लागेल. लेखी करारात जे लिहिलंय तो निर्णायक पुरावा. मुदत संपायच्या आत काढायचं असेल तर किती दिवस आधी सांगायचं? कशासाठी काढता येईल? यावर कायदा गप्प आहे. ती जागा करारातल्या एका ओळीने भरायची, आणि ती ओळ एजंट भरतो.

राज्याने तीन विभागांचा फरक मिटवला खरा, पण वऱ्हाडातल्या भाडेकरूकडे जे होतं ते पुण्यातल्या पोराला मिळालं नाही. दोघांकडचंही गेलं. वर हा कायदा अनुसूचीत दिलेल्या क्षेत्रांनाच लागू. यादीबाहेरच्या गावात घर भाड्याने घेणारा शिक्षक किंवा नर्स थेट १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात जाऊन पडते. तिथे महिन्याच्या भाड्यावर राहणाऱ्याला, करार वेगळं सांगत नसेल तर, १५ दिवसांची नोटीस पुरते. बंगळुरूतल्या मित्रांनी हसू नये. कर्नाटकाचा १९९९चा भाडे कायदा महिना ३,५०० रुपयांवरच्या भाड्याला लागूच नाही. ३,५०० रुपयांत बंगळुरूत पार्किंग मिळालं तर कळवा. तेव्हा तेही त्याच १५ दिवसांत.

आता आमच्या कॉलेजच्या बॅचमधले दोघं घ्या. एक न्यू जर्सीत एडिसनला आहे. तिथे १९७४पासून कायदा आहे की योग्य कारण असल्याशिवाय भाडेकरूला काढता येत नाही, आणि ‘लीज संपलं’ हे कारण धरत नाहीत. (मालक स्वतः राहतो अशा छोट्या घरांना सूट आहे.) दुसरी म्युनिकला. तिच्या मालकाला कमीत कमी तीन महिने आधी सांगावं लागतं, पाच वर्षं राहिली तर सहा, आठ वर्षांनी नऊ. आणि कारण लेखी द्यावं लागतं, उदाहरणार्थ घर स्वतःच्या कुटुंबाला हवंय. तिला स्वतःला सोडायचं असेल तर कधीही तीनच महिने. या दोन्ही ठिकाणी लोक भाड्याने घरं देणं बंद करून बसलेत असं काही ऐकिवात नाही.

‘पटत नसेल तर सही करू नकोस’ हे उत्तर मला पाठ आहे. महिन्याचं भाडं अधिक दोन-तीन महिन्यांचं डिपॉझिट अधिक दलाली भरून, जॉइनिंगच्या आठवड्यात, हॉटेलात बॅगा ठेवून आलेल्या माणसाने कोणती सही नाकारायची?

दिवसांपेक्षा मला कारण जास्त महत्त्वाचं वाटतं. माझ्या टीममधल्या एकाला दुसऱ्याच महिन्यात नोटीस आली. करारावर त्याचं पूर्ण नाव होतं, पण मालकाच्या आईने ते पहिल्यांदा ऐकलं गणपतीच्या आरतीला. अजून एकीला नोटीस आली ती भाऊ चार दिवस राहून गेल्यावर. सोसायटीच्या मते तो भाऊ नव्हता. दोघांच्याही मेसेजमध्ये कारण नव्हतं, फक्त कलम होतं. आडनाव, जात, धर्म, मटण, घरी येणारे मित्र, यांतलं काहीही मालकाला लिहून द्यावं लागत नाही, म्हणून ते सगळं चालतं. लिहून द्यावं लागलं असतं तर निम्म्या नोटिसा टाइपच झाल्या नसत्या.

मागतोय ते फार नाही. लायसन्सीला मुदतीच्या आत काढायचं तर किमान दोन महिन्यांची लेखी नोटीस आणि त्यात कारण, हे करारात नव्हे, कायद्यात हवं. म्हणजे एजंटच्या साच्याला ते खोडता येणार नाही. लॉक-इन असेल तर दोघांनाही. मुदत संपल्यावरही न हलणाऱ्याला दुप्पट शुल्क लावा, माझी हरकत नाही. अकोल्याच्या मालकीणबाईंना तेवढं तरी मिळायला हवं होतं. केंद्राने २ जून २०२१ रोजी मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यातही मुदतीच्या आत काढायला ठरावीक कारणंच चालतात. पण तो राज्याने केला तरच कायदा, नाहीतर पीडीएफ.

आणि तोवर, मित्रांनो, अकरा महिन्यांची अंधश्रद्धा तरी सोडा. वर्षाच्या आतला करार नोंदवावा लागत नाही म्हणून अकरा, ही समजूत नोंदणी कायद्यातून आली आहे. महाराष्ट्रात कलम ५५प्रमाणे प्रत्येक करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, ती जबाबदारी मालकाची आहे, आणि चुकवली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड आहे. मग दोन-तीन वर्षांचा करार का मागत नाही आपण?

मी मागितला. नवीन घर दुसऱ्या मजल्यावर मिळालं, लिफ्ट नाही. बाबा एकेक पायरी दोन्ही पाय टेकवत चढायचे. करार करताना मी लॅपटॉप उघडून बसलो. चोवीस महिने, नोटीस दोन्हीकडून दोन महिने. एजंट म्हणाला, ‘सर, फॉरमॅट फिक्स असतो.’ फिक्स नव्हता, बदलला त्याने. नवीन मालकीण ताई चांगल्या आहेत, बाबांसाठी खुर्ची पाठवली त्यांनी. दोन महिन्यांना त्या लगेच हो म्हणाल्या. ‘नोटिशीत कारण नमूद करावे’ ही ओळ वाचून मात्र थांबल्या. ‘अरे, कारण मी तोंडी सांगेनच की तुला,’ म्हणाल्या, आणि ती ओळ काढायला लावली.