मोठ्या माशाचे शेजारी आणि विक्रेत्याचे बिल

पडघ्यापासून भिवंडीपर्यंत हायवेच्या दोन्ही बाजूंना गोदामे उभी राहिली आणि त्यांच्या ऑफिसांत काचेच्या मोठमोठ्या टाक्याही आल्या. कापडाच्या गद्दीवर, ट्रान्सपोर्टवाल्याच्या केबिनमध्ये, सलूनमध्येसुद्धा आता अरोवाना मासा दिसतो. कुणी तो बरकतीसाठी ठेवतो, कुणी निव्वळ शौक म्हणून. बरकतीची समजूत चीन-मलेशियाकडच्या व्यापाऱ्यांची. ती माशाबरोबरच इकडे आली. तिच्याविषयी आम्हाला इथे काही म्हणायचे नाही. आम्हाला बोलायचे आहे ते सौद्याविषयी.

होते असे की, पाच इंची पिल्लू घेतले जाते. टाकी रिकामी वाटते म्हणून दुकानदार त्याच्याबरोबर आणखी सहा-आठ रंगीत मासे देतो. वर्षभरात त्यातले निम्मे पोटात गेलेले असतात आणि उरलेले फाटक्या परांनी कोपऱ्यात दबून बसलेले असतात. गिऱ्हाईक नशिबाला दोष देतो आणि पुन्हा त्याच दुकानात नवे मासे घ्यायला जातो. आमच्या मते यात नशिबाचा वाटा थोडा, दुकानदाराच्या गप्प बसण्याचा वाटा जास्त.

आम्ही कापडवाले. ग्रे कापड घेताना धुलाई-रंगाईनंतर पन्ह्यात किती आटेल, हे विचारल्याशिवाय आमच्यात सौदा होत नाही, आणि माहीत असून न सांगणाऱ्याची बाजारात पत राहत नाही. कापड आटते, मासा वाढतो, फरक एवढाच. अॅमेझॉन खोऱ्यातला सिल्व्हर अरोवाना आज चार-पाच इंचांचा असला तरी पुढे दोन-अडीच फूट होतो, कधी तीन फुटांपर्यंतही जातो. ऑस्कर फूटभर होतो. लाल शेपटीचा कॅटफिश, जो दुकानात बोटाएवढा आणि मोठा देखणा दिसतो, तो तीन फुटांच्या पुढे जातो आणि वाटेत सापडेल ते गिळतो. 'मासा टाकीच्या मापाने वाढतो' हे वाक्य जवळजवळ प्रत्येक दुकानात ऐकायला मिळते. ते साफ खोटे आहे. लहान टाकीत घाणीने आणि कोंडमाऱ्याने मासा खुरटतो, पाठीतून वाकतो आणि लवकर मरतो.

म्हणून शेजारी निवडताना आजचे माप बघू नये, दोन वर्षांनंतरचे बघावे. अरोवानाचे तोंड वरच्या दिशेला उघडते आणि दिसते त्यापेक्षा बरेच मोठे उघडते. त्यात मावेल तो मासा आज ना उद्या खाल्ला जाणारच. गप्पी, मॉली, टेट्रा, छोटे गोल्डफिश हे त्याचे सोबती होऊच शकत नाहीत. काही मंडळी गोल्डफिश मुद्दाम खुराक म्हणून सोडतात. तेही बरे नाही. बाजारातल्या त्या स्वस्त माशांबरोबर रोग येतात, आणि नुसत्या गोल्डफिशवर पोसलेल्या माशाला बी-१ जीवनसत्त्व कमी पडते. कोळंबी आणि चांगल्या गोळ्या पुरतात.

दुसरी गोष्ट पाण्याच्या थराची. अरोवाना पृष्ठभागालगत फिरतो. तिथे दुसरा दावेदार नको. मधल्या आणि तळाच्या थरात राहणारे, अंगाने उंच किंवा जाड आणि स्वभावाने ना फार गरीब ना फार भांडखोर, असे मासे त्याच्याबरोबर निभतात. सिल्व्हर डॉलर पाच-सहांच्या घोळक्याने ठेवला तर चांगला. तो पाला खाणारा आहे आणि ताटाएवढ्या उंच अंगामुळे सहज गिळला जात नाही. टिनफॉइल बार्ब चपळ आहे. पॅरट मासा संकरित, त्याचे तोंड पूर्ण मिटतही नाही, त्यामुळे तो फारशी इजा करू शकत नाही. ऑस्कर चालतो, पण सुरुवातीपासून बरोबरीच्या मापाचा हवा. क्लाउन लोच तळाला राहतो, मात्र तो फार सावकाश वाढतो आणि त्याच्या डोळ्याखाली एक काटा असतो. मोठ्या माशाने छोटा लोच गिळायचा प्रयत्न केला तर तो काटा घशात अडकून दोघेही जातात. मोठ्या अरोवानाबरोबर दोन इंची लोच देणारा दुकानदार गिऱ्हाइकाचे दुहेरी नुकसान करतो.

फ्लॉवरहॉर्न कुणाबरोबरच ठेवू नये. मलेशियात नव्वदच्या दशकात माणसाने संकर करून काढलेली ही जात आहे, आणि डोक्यावरच्या उंचवट्यासाठी तिला भाव येतो. तिला आख्खी टाकी आपली वाटते. आमच्या ओळखीच्या एका गोदामवाल्याला एका दुकानदाराने 'दोघेही राजे, शोभून दिसतील' म्हणून अरोवाना आणि फ्लॉवरहॉर्न एका टाकीत लावून दिले. तिसऱ्या दिवशी अरोवानाचे खवले तळाला पडले होते. हजारोंचा मासा गेला आणि दुकानदार म्हणाला, पाणी खराब असेल.

सकर माशाचेही असेच आहे. 'टाकी साफ ठेवतो' म्हणून तो प्रत्येक गिऱ्हाइकाच्या पिशवीत टाकला जातो. तो काचेवरचे शेवाळ खातो हे खरे. पण तो दीड फुटापर्यंत वाढतो, खाण्यापेक्षा जास्त घाण करतो, आणि भुकेला राहिला तर रात्री संथ माशांच्या अंगाला चिकटून त्यांचा चिकट थर ओरबाडतो. शिवाय 'शार्क' म्हणून विकला जाणारा मासा पुष्कळदा पंगास असतो आणि 'पिरान्हा' म्हणून दिला जाणारा रूपचंद. दोन्ही मासळीबाजारात किलोवर मिळतात! खाण्यासाठी तळ्यात वाढवायचे हे मासे काचेच्या टाकीत दोन फुटांपलीकडे गेले की मालकाने काय करायचे?

पाण्याचा विचारही व्हावा. अरोवाना, ऑस्कर, सिल्व्हर डॉलर हे मऊ पाण्याचे. आफ्रिकेतल्या मलावी सरोवराचे निळे-पिवळे सिक्लिड जड, अल्कधर्मी वळणाच्या पाण्याचे. रंग जुळतात म्हणून एका टाकीत घातले तर दोहोंपैकी एकाची तब्येत कायम बिघडलेली राहते. नवा मासा आणला की दोन-तीन आठवडे वेगळ्या टाकीत ठेवावा. मोठ्या टाकीत सोडताना आतले दगड-लाकूड हलवून मांडणी बदलावी, म्हणजे जुन्या माशाची हद्द मोडते. सर्वांत तापट मासा शेवटी सोडावा. झाकण घट्ट हवे. अरोवाना रानात पाण्याबाहेर उडी मारून किडे पकडतो, तो ऑफिसातही मारतो.

आता हिशेब. सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच टाकीत सुमारे ६८० लिटर पाणी मावते, म्हणजे तेवढेच किलो वजन; काच, दगड, स्टँड वेगळे. एका मोठ्या अरोवानाला ही कमीत कमी टाकी, आणि तीही रुंदीला अपुरीच. पोटमाळ्यावर ती ठेवायची कल्पना सोडून द्यावी. सोबती जितके जास्त, तितका हवेचा पंप बंद पडल्यावर प्राणवायू लवकर संपतो. वीज जात नाही असे आता कुणी म्हणू नये. १२ ऑक्टोबर २०२० रोजी आपल्याच पडघ्याच्या ४०० केव्ही उपकेंद्राकडून कळव्याकडे जाणाऱ्या लाइनींत बिघाड झाला आणि मुंबई-ठाण्यात कित्येक तास अंधार होता. बॅटरीवर चालणारा छोटा पंप दोन जादा माशांपेक्षा स्वस्त पडतो.

आशियाई अरोवाना, म्हणजे लाल किंवा सोनेरी जात घेणाऱ्यांनी कागद मागावेत. तो साइट्स कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा प्राण्यांची नोंदणी मालकाने करायची आहे. सिल्व्हर अरोवानाला हे लागू नाही.

सर्वांत वाईट शेवट टाकीबाहेर होतो. मासा मावेनासा झाला की पुष्कळजण तो 'पुण्य' समजून खाडीत, तलावात किंवा खडवलीला भातसा नदीत सोडतात. ज्या भातसेचे पाणी मुंबई पिते, तीच ही नदी. उजनीच्या जलाशयात सकर मासे मच्छीमारांच्या जाळ्यांत येऊ लागले आहेत. त्यांचे काटेरी कवच जाळी फाडते आणि बाजारात त्यांना कुणी विचारत नाही. २०२३ साली भोपाळच्या मोठ्या तलावात आणि श्रीनगरच्या दल सरोवरात मगरीच्या तोंडाचा अमेरिकी गार मासा सापडला. तो तिथे चालत गेला नव्हता.

लूमचा धंदा बसल्यावर आपल्यातल्या अनेक मुलांनी कुर्ल्याहून घाऊक माल आणून माशांची दुकाने टाकली आहेत. ती चालावीत असे आम्हाला मनापासून वाटते. त्यांच्याकडे आमची मागणी छोटी आहे. बिलावर माशाच्या किमतीसमोर दोन रकाने वाढवा: पूर्ण वाढलेले माप, आणि कुणाबरोबर ठेवू नये. मावेनासा झालेला मासा अर्ध्या भावाने परत घेण्याची तयारी ठेवा आणि तेही लिहा. पहिल्या महिन्यात विक्री थोडी कमी होईल. पण ज्याचा अरोवाना पाच वर्षे जगतो, तो खुराक, फिल्टर, दिवे, औषध सारे त्याच दुकानातून नेतो. आणि गिऱ्हाइकांनी असे बिल मागावे. दुकानदार देत नसेल तर पिल्लू परत पिशवीत घालून पैसे मागून घ्यावेत.