कंबर सिस्टरची, जबाबदारी प्रशासनाची

कामगार बंधू-भगिनींनो,

पार्सल ऑफिसात, आरएमएसमध्ये किंवा रुळावर ज्याने वीस वर्षे काढली, त्याला कंबर धरणे म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. पण आपण आजारी पडून इस्पितळात भरती होतो, तेव्हा आपल्याला कुशीवर वळवणारी, उशाकडे सरकवणारी, खाटेवरून स्ट्रेचरवर घेणारी सिस्टर हीसुद्धा ओझे उचलणारी कामगार आहे, हे आपल्या ध्यानात येत नाही. 12 मे रोजी परिचारिका दिन साजरा होतो. सेवा आणि त्यागावर भाषणे होतात. कमरेबद्दल कोणी बोलत नाही.

हिशोब साधा आहे. सिमेंटची गोणी 50 किलोची. साठ-सत्तर किलोचा रुग्ण तिच्याहून जड, आणि गोणीसारखा अंगाशी धरता येत नाही. तो वेदनेने आखडतो, मध्येच घसरतो, सलाईनची नळीही सांभाळावी लागते. सिस्टर खाटेवर ओणवी होऊन, हात लांब करून, कमरेत पीळ देऊन हे वजन ओढते. वजन अंगापासून जितके लांब, तितका कमरेच्या मणक्यांवर ताण जास्त. अमेरिकेच्या सरकारी कामगार सुरक्षा संशोधन संस्थेतील तज्ज्ञाने 2007 साली मर्यादा सांगितली: रुग्ण हलवताना एकीवर सुमारे 16 किलोपेक्षा जास्त भार येऊ नये. सत्तर किलोच्या माणसाचा एक पायच दहा किलोच्या वर भरतो!

मग प्रशासन काय करते? भिंतीवर तक्ता लावते, 'गुडघ्यात वाका, पाठ ताठ ठेवा.' फार तर एक व्याख्यान, एखादा कमरेचा पट्टा. बैठकीत विषय काढला तर आम्हाला उत्तर मिळते की, घरी धुणीभांडी करूनही कंबर दुखते! हे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. नुसत्या शिकवणीने कंबरदुखी टळत नाही, हे अनेक देशांतले अभ्यास एकत्र तपासून संशोधकांनी सांगितले आहे. पट्ट्याला संरक्षणाचे साधन मानू नये, असे त्याच अमेरिकन संस्थेने 1994 सालीच बजावले. खाटेची उंची बदलतच नसेल, तर गुडघ्यात वाकून रुग्ण वर कसा घ्यावा, हे साहेबांनी एकदा रात्रपाळीला येऊन दाखवावे.

1948 च्या कारखाना कायद्यात इजा होईल इतके वजन उचलायला लावण्यास 34 व्या कलमाने बंदी होती; पण ती कारखान्यापुरती, वॉर्डाला नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 1967 साली वजनमर्यादेचा 127 क्रमांकाचा करार केला. भारताने त्याला मान्यता दिलेली आहे. ब्रिटनने 1992 च्या नियमांनी धोक्याची उचल शक्य तेथे टाळण्याची जबाबदारी मालकावर टाकली. म्हणजे तेथे मालकाला विचारतात, 'उचलावे का लागले?' येथे सिस्टरला विचारतात, 'नीट का नाही उचललेस?' सगळा वाद या दोन प्रश्नांतला आहे.

म्हणून आमच्या मागण्या अशा:

1. उंची कमी-जास्त होणाऱ्या खाटा आणि ब्रेक लागणाऱ्या ट्रॉल्या द्या.

2. रुग्ण सरकवण्याची घसरती चादर व फळी प्रत्येक वॉर्डात द्या. जड रुग्णांसाठी उचलयंत्र द्या, आणि ते कुलपात नको, खाटेजवळ हवे.

3. रिकाम्या जागा भरा. रात्रपाळीतही कोणा सिस्टरला, मामाला, मावशीला एकट्याने रुग्ण उचलावा लागू नये. कंत्राटी असले तरी.

4. कामामुळे जडलेली कंबरदुखी ड्युटीवरील इजा म्हणून नोंदवा. पगार न कापता हलके काम द्या.

पैसा नाही, ही सबब ऐकून घेऊ नका. घसरती चादर म्हणजे काही इंजिन नव्हे. कमरेने अधू झालेली अनुभवी सिस्टर घरी बसली, तर तिची जागा कोणती निविदा भरून काढणार?

रेल्वेच्या बंधूंनी हा विषय पीएनएमच्या, पोस्टाच्या बंधूंनी जेसीएमच्या कार्यक्रमपत्रिकेवर आणावा. सिस्टरांची संख्या थोडी आहे म्हणून त्यांचा प्रश्न थोडा ठरत नाही. उद्या त्या खाटेवर आपणच असणार आहोत.

कामगार एकजुटीचा विजय असो!

— एक रेल्वे युनियन सचिव